परिसेविकेचे पद आणि परिसेविकेचे वाक्य : परिचारिकांच्या नेतृत्वाचा एक भाषिक विचार

१

परिचारिकांना नेतृत्वाचे व व्यवस्थापनाचे शिक्षण मिळाले पाहिजे, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवी अभ्यासक्रमाची जी पुनर्रचना केली, तीत परिचर्या-व्यवस्थापन व नेतृत्व हा स्वतंत्र विषयच ठेवलेला आहे. या विषयावरील पुस्तके चाळली असता त्यांची मांडणी बहुधा एकाच धर्तीची आढळते. नियोजन, संघटन, मनुष्यबळाची वाटणी, देखरेख आणि नियंत्रण अशी प्रकरणे एकापाठोपाठ येतात. नेतृत्वाचे हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त असे प्रकार सांगितले जातात. आणि उत्तम नेत्याच्या अंगी असावयाच्या गुणांची एक लांबलचक यादी देऊन ग्रंथ समाप्त होतो. हे सारे उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि ही पुस्तके इंग्रजीत आहेत, अध्यापनही इंग्रजीत चालते, आणि ज्या वॉर्डात हे नेतृत्व प्रत्यक्ष करावयाचे तो वॉर्ड मराठीत बोलतो. तेव्हा परिचारिकेने नेतृत्व करावयाचे ते कोणत्या शब्दांनी, हा प्रश्न या पुस्तकांच्या कक्षेबाहेरच राहून जातो.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे, रुग्णालयांचे व्यवस्थापन नव्हे. म्हणून येथील प्रतिपादनाची मर्यादा आरंभीच सांगून टाकणे बरे. मराठीत परिचारिकेचे नेतृत्व तीन ठिकाणी अडते : तिच्या पदनामात, तिच्या संबोधनात आणि डॉक्टरांशी बोलताना तिला योजाव्या लागणाऱ्या वाक्यात. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी बोलणाऱ्यांनी आपापली तोड काढली आहे. तिसऱ्या ठिकाणी ती निघालेली नाही. आणि रुग्णाच्या जिवाशी संबंध आहे तो या तिसऱ्याच ठिकाणाचा.

२

प्रथम पदनामांचा विचार करू. महाराष्ट्राच्या शासकीय आरोग्यसेवेत रूढ झालेली परिचर्येची पदे अशी : स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डाची प्रमुख म्हणजे परिसेविका, मेट्रन म्हणजे अधिसेविका, आणि शिकविणारी सिस्टर ट्यूटर म्हणजे पाठ्यनिर्देशिका. राज्यस्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शासनव्यवहार मराठीत आणण्याच्या उद्योगात शेकडो पदनामे घडविली गेली. पदनाम कोशाची त्या काळी 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली, ती आजही सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला त्या थट्टेत सामील व्हावयाचे नाही. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही एके काळी कृत्रिमच वाटले होते, आणि आज ते कोणाच्या कानाला खटकत नाहीत. शब्द संस्कृत घडणीचा आहे एवढ्यावरून तो टाकाऊ ठरत नाही. परंतु श्रेणी दाखविणाऱ्या शब्दांनी निदान श्रेणी तरी दाखवावी, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

या कसोटीवर वरील मालिका उतरत नाही. 'अधि' या उपसर्गाने 'वरचा' हा अर्थ सूचित होतो. अधिपती, अधीक्षक, अधिष्ठाता या शब्दांतून तो मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. त्या न्यायाने अधिपरिचारिका ही परिचारिकांच्या वरची असावयास हवी. व्यवहारात मात्र ती वॉर्डातील पहिल्या पायरीवर उभी आहे आणि परिसेविकेच्या हाताखाली काम करते. 'परि' या उपसर्गाचा मूळ अर्थ 'सभोवार' असा. त्यात वरखालीचा भाव मुळीच नाही. म्हणजे जिच्या नावात अधिकार सुचविला आहे तिला तो नाही, आणि जिला अधिकार आहे तिच्या नावात त्याची खूण नाही. त्यातच 'परिचारिका' आणि 'परिसेविका' हे शब्द कानाला इतके जवळचे की, नातेवाइकाला दोहोंतील भेद समजावून सांगू म्हटले तर तो चकित होऊन पाहत राहतो.

या गोंधळामागे एक जुनी कल्पनाही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. शुश्रूषा करणाऱ्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण अपेक्षिलेले आहेत. यांत ज्ञानाला स्थान दिलेले आहे, ही गोष्ट आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. मात्र आज्ञा देण्याचे आणि योजना करण्याचे काम त्याच अध्यायात वैद्याकडे सोपविले असून चौघांत प्राधान्यही त्यालाच दिले आहे. आपली पदनामे घडविणाऱ्यांपुढे हा अध्याय होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. एवढेच की, शुश्रूषा करणाऱ्याने जाणावे पण सांगू नये, ही वाटणी आपल्याकडे पुरातन आहे. आणि 'सेविका' या उत्तरपदात ती निमूटपणे चालत आली आहे.

३

आता बोलणाऱ्यांनी काय केले ते पाहावे. इंग्लंडमधील रुग्णालयांत 'सिस्टर' ही प्रत्येक परिचारिकेला उद्देशून मारावयाची हाक नव्हती. वॉर्डाची जबाबदारी जिच्याकडे असे तिचे ते पद होते. ख्रिस्ती धर्मसंघांतील भगिनींच्या रुग्णसेवेतून आलेल्या या शब्दाला तेथे अधिकाराचा अर्थ चिकटला. आपल्याकडे तो आला आणि त्याचा अर्थविस्तार झाला. पांढऱ्या पोशाखातील प्रत्येक स्त्री सिस्टर झाली. पुढे पुरुष परिचारक दिसू लागले तेव्हा सादृश्याने 'ब्रदर' हा शब्दही तयार झाला. विस्ताराबरोबर जे नेहमी होते तेच येथे झाले : शब्दातील अधिकाराचा अंश निघून गेला. तेव्हा वॉर्डाच्या प्रमुखासाठी लोकांनी 'इन्चार्ज सिस्टर' असा जोडशब्द केला, आणि काटकसरीने बोलणाऱ्यांनी त्याचाही नुसता 'इन्चार्ज' केला. 'इन्चार्जना विचारा', 'इन्चार्ज राउंडला आहेत' ही वाक्ये कोणत्याही शासकीय रुग्णालयात ऐकू येतात. परकीय असला तरी हा शब्द आपले काम चोख करतो. जे कार्य 'परिसेविका' या शब्दाला साधले नाही, ते कोशाबाहेरच्या या शब्दाने साधले आहे.

संबोधनाच्या बाबतीतही बोलीने अशीच सोय करून घेतली आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या परिचारिकेला पन्नाशीच्या स्त्री-कर्मचाऱ्याकडून काम करून घ्यावयाचे असते. ती 'मावशी' म्हणते, आणि मग 'मावशी, चादर बदला', 'मामा, सिलिंडर आणा' अशी सरळ आज्ञार्थी वाक्ये कोणाचाही मान न दुखावता उच्चारली जातात. नात्याचा शब्द आणि आदरार्थी अनेकवचन ही दोन आवरणे असली की आज्ञा ही आज्ञाच राहते, पण बोचत नाही. रुग्णांशीही हेच धोरण असते. 'आजी, उठून बसा', 'दादा, तुम्ही बाहेर थांबा', 'वहिनी, बाळाला अंगावर घ्या' अशी वाक्ये परिचारिका दिवसभर बोलत असते. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्याला कर्मचाऱ्यांशी सलोखा आणि रुग्णांशी संवाद असे म्हणतात, त्याचा मोठा भाग मराठीत या नातेवाचक संबोधनांनी पेललेला आहे, आणि तो परिचारिकेला कोणी शिकविलेला नाही.

'सिस्टर' हाही मुळात नात्याचाच शब्द. परंतु तो इकडे येताना एक गोष्ट मागे ठेवून आला. कागलकडच्या घरांत बहीण ही नुसती बहीण नसते. ती आक्का असते, किंवा पाठची असते. आक्काचा शब्द घरात चालतो. लग्न होऊन सासरी गेली तरी माहेरच्या खटल्यात तिचे मत विचारले जाते. 'सिस्टर' या शब्दात थोरली-धाकटी हा भेद नसल्यामुळे तो आक्काचा अधिकार घेऊन येऊ शकला नाही. नात्याची जवळीक आली, वडीलकी आली नाही.

४

हे सारे सामर्थ्य एका ठिकाणी थांबते, आणि ते ठिकाण म्हणजे 'सर' हे संबोधन होय. 'सर' हे नाते नव्हे. त्याच्या आवरणाखाली आज्ञार्थी वाक्य बोलता येत नाही. मग परिचारिका प्रश्न विचारते.

आप्ताच्या आजारपणामुळे काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाला कागल परिसरातील एका लहान रुग्णालयात काही रात्री काढाव्या लागल्या. एका रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या खाटेवरील वृद्धाला श्वास घेणे जड जाऊ लागले. पाळीवर एकच परिचारिका होत्या. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि घरी असलेल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचे वाक्य असे होते : "सर, त्या पाच नंबरच्या आजोबांना जरा धाप लागल्यासारखं वाटतंय, एकदा बघता का?" पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही, पण डॉक्टर आले नाहीत. वीसेक मिनिटांनी त्यांनी पुन्हा फोन केला. या वेळचे बोलणे निराळे होते : "सर, पाच नंबरच्या आजोबांचा श्वास मिनिटाला छत्तीस चाललाय. ऑक्सिजन लावलाय तरी अठ्ठ्याऐंशीच्या वर येत नाही, संध्याकाळी चौऱ्याण्णव होता. मला हे बरं दिसत नाही. तुम्ही आत्ता या. तोवर मी एकशे आठला सांगून ठेवतो." डॉक्टर दहा मिनिटांत आले, आणि पहाटेच्या आत रुग्णाला कोल्हापूरला हलविण्यात आले.

येथे कोणाला दोष देण्याचा उद्देश नाही. झोपेतून जागा झालेल्या मनुष्याला पहिल्या वाक्यात निर्णय घेण्याजोगे काही मिळालेच नव्हते. त्या वाक्याची घडण पाहावी. 'जरा' हे अव्यय, 'सारखं' हे साम्यवाचक, 'वाटतंय' हे क्रियापद, 'एकदा' हे क्रियाविशेषण आणि शेवटचा प्रश्नार्थक 'का' या पाच उपायांनी एकच गोष्ट पाच वेळा सौम्य केली आहे. परिचारिकेला त्या क्षणी जे दिसत होते त्यातील एकही गोष्ट तिच्या वाक्यात शिल्लक राहिली नव्हती. दुसऱ्या बोलण्यात यांतला एकही उपाय नाही. त्यात आकडे आहेत, तुलना आहे, स्वतःचे मत आहे, मागणी आहे आणि स्वतः काय करणार याची सूचना आहे. विनय मात्र सुटलेला नाही : 'सर' कायम आहे आणि 'तुम्ही या' हे आदरार्थी रूपही कायम आहे. म्हणजे सौम्यपणा टाकला म्हणून आदर टाकावा लागत नाही, हे त्या बाईंनी स्वतःच्याच दोन वाक्यांनी दाखवून दिले.

'सांगून ठेवतो' या पुल्लिंगी रूपावरून मात्र कोणी घाईने निष्कर्ष काढू नये. कोल्हापूरकडच्या स्त्रिया 'मी येतो', 'मी बघतो' असे सहज बोलतात. तो बोलीचा विशेष आहे, पुरुषी अधिकाराचे अनुकरण नव्हे. उलट विचार करण्यासारखे आहे ते हे की, हीच परिचारिका पहिल्या वाक्यात प्रमाण मराठीच्या जवळ होती आणि प्रसंग निकराला येताच आपल्या बोलीत आली. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही. पण निश्चयाचे वाक्य आपल्या घरच्या भाषेत अधिक लवकर सापडत असावे, असा तर्क करावयास हरकत नाही.

५

परिचारिकेच्या बोलण्यातील हा संकोच केवळ मराठीचा नाही. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ साली 'डॉक्टर-नर्स खेळ' या नावाने एक निबंध लिहिला. परिचारिकेने डॉक्टरांना सल्ला द्यावयाचा, पण तो आपण देत आहोत असे दिसू द्यावयाचे नाही. डॉक्टरांनी तो घ्यावयाचा, पण तो आपलाच विचार असल्यासारखा घ्यावयाचा, असा या खेळाचा नियम त्यांनी वर्णिला आहे. शार्लट लिंड या भाषाभ्यासिकेने १९८८ साली विमानाच्या चालककक्षातील संभाषणांची छाननी केली. हाताखालचा चालक आपल्या प्रमुखाशी बोलताना अधिक सौम्य रूपे वापरतो आणि सौम्य केलेली सूचना अधिक वेळा दुर्लक्षित राहते, असे तिला आढळले. रुग्णालयाचा वॉर्ड आणि विमानाचा चालककक्ष या दोन्ही ठिकाणी वरच्याला अधिकार अधिक असतो आणि खालच्याला काही वेळा आधी दिसते. अशा जागी शिष्टाचाराचे व्याकरण हे सुरक्षिततेचेही व्याकरण होते.

यावर पाश्चात्त्य रुग्णालयांनी योजलेला उपाय वाक्यरचनेचाच आहे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून घेतलेल्या एका पद्धतीनुसार परिचारिकेने डॉक्टरांना चार गोष्टी क्रमाने सांगावयाच्या : आत्ता काय घडत आहे, रुग्णाची पूर्वपीठिका काय, आपल्याला काय वाटते, आणि काय करावे अशी आपली सूचना आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एसबार' म्हणतात आणि आपल्याकडील परिचर्या-महाविद्यालयांतही ती शिकविली जाते. पहिल्या दोन पायऱ्या कोणालाही जमतात. अडचण येते ती उरलेल्या दोन पायऱ्यांवर, कारण तेथे परिचारिकेला 'मला' आणि 'तुम्ही' ही सर्वनामे वापरावी लागतात. इंग्रजीत ही चौकट पाठ केलेली विद्यार्थिनी मराठीत फोन करताना पुन्हा 'एकदा बघता का' वरच येते, कारण तिला तिसरे आणि चौथे वाक्य मराठीत कोणी दिलेले नाही. त्या रात्री 'मला हे बरं दिसत नाही' हे तिसरे वाक्य होते आणि 'तुम्ही आत्ता या' हे चौथे. ती दोन्ही वाक्ये त्या बाईंना वीस मिनिटे खर्चून स्वतःची स्वतः शोधावी लागली.

लेखी नोंदीतही हीच उणीव आढळते. परिचारिकेची टिपणे बहुधा इंग्रजीत असतात आणि त्यांत 'डॉक्टरांना कळविले' एवढा मजकूर असतो. काय कळविले, कोणत्या अंदाजाने कळविले आणि काय मागितले याचा उल्लेख क्वचितच येतो. मराठी कार्यालयीन गद्यातील 'देण्यात आले', 'हलविण्यात आले' ही कर्त्याला वगळणारी रूपेही याच जातीची आहेत. वर आपल्यालाही तेच रूप वापरावेसे वाटले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

६

नेतृत्व म्हणजे एका व्यक्तीने पुढे होऊन हुकूम देणे, ही कल्पना परिचर्येला मुळातच लागू पडत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या परिचर्याविषयक पुस्तकात किरकोळ व्यवस्थापनाला एक स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल, याची तजवीज करणे म्हणजे व्यवस्थापन, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ आहे. आपल्या परिचारिका ज्याला 'ओव्हर देणे' आणि 'ओव्हर घेणे' म्हणतात, ती पाळीबदलाच्या वेळची पंधरा मिनिटे हीच या तजविजीची खरी जागा होय.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आहे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. १९८० च्या दशकात त्यांना तेथून हलविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून तो थांबविला. त्या काळात कितीतरी परिचारिका रुजू झाल्या आणि निवृत्त झाल्या. हे काम एका थोर व्यक्तीच्या आज्ञेने चाललेले नव्हते. एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगत नेल्यामुळे ते चालले. इच्छामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी जो निर्णय दिला, त्यात अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेपेक्षा केईएमच्या सेवकवर्गाचा अधिक आहे, असे मानले. त्या निर्णयाच्या इतर बाजूंवर मतभेद होतील आणि झालेही आहेत. प्रस्तुत विषयापुरते महत्त्व एवढ्याच गोष्टीला आहे की, ज्यांना आपण सेविका म्हणतो त्यांचे म्हणणे येथे देशातील सर्वोच्च न्यायपीठाने निर्णायक म्हणून ऐकले. हातांनी काम केले म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार आला. वॉर्डातल्या रोजच्या व्यवहारातही हेच तत्त्व लागू व्हावयास हवे.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परिचारिकांची अडचण शब्दांची नसून संख्येची, वेतनाची आणि अधिकारांची आहे. एका पाळीला एकच परिचारिका असेल तर उत्तम वाक्यरचना तिला काय कामाची? हा आक्षेप बहुतांशी खरा आहे. भाषा शिकवून रिकाम्या जागा भरत नाहीत. परंतु त्या रात्री वॉर्डात एकच परिचारिका होत्या म्हणूनच त्यांच्या वाक्यावर इतके अवलंबून राहिले. मनुष्यबळ जेथे अपुरे, तेथे प्रत्येक वाक्याचा भार वाढतो.

दुसरा आक्षेप असा की, नाव बदलले की प्रतिष्ठा येईल. केंद्र शासनाने २०१६ साली आपल्या सेवेतील स्टाफ नर्स या पदाचे 'नर्सिंग ऑफिसर' असे नामांतर केले, आणि तशा नामांतराची मागणी समजण्यासारखी आहे. 'सेवा' हा शब्द हीन आहे असे नाही. आपल्या परंपरेत तो फार वरचा आहे. परंतु ज्याला आपण सेवेचा मान देतो त्याला निर्णयाचा मान देण्याचे आपण पुष्कळदा विसरतो. तरीही केवळ 'अधिकारी' म्हटल्याने रात्री दोन वाजता 'एकदा बघता का' चे 'तुम्ही आत्ता या' होणार नाही. पद शासननिर्णयाने देता येते. वाक्य शिकवावे लागते, आणि ते ऐकण्याची सवय समोरच्याला लावावी लागते. म्हणून हा पाठ परिचर्या-महाविद्यालयाइतकाच वैद्यकीय महाविद्यालयातही हवा.

भाषेच्या अभ्यासकांचे काम येथून सुरू होते. वॉर्डातील मराठीचा शिस्तबद्ध संग्रह व्हावयास पाहिजे. पाळीबदलाचे बोलणे, डॉक्टरांना केलेले फोन, नातेवाइकांना दिलेल्या सूचना, सीमाभागातून येणाऱ्या कानडी-मराठी रुग्णांशी होणारे मिश्र संभाषण यांचे नमुने संबंधितांच्या संमतीने गोळा करता येतील. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी बोलींचा अभ्यास खेड्यातील वृद्धांकडून शब्द टिपून घेण्यापुरताच मर्यादित ठेवावा असे काही नाही. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात एका रात्रीत जी मराठी बोलली जाते, तिच्यातही संशोधनाला भरपूर वाव आहे. त्या संग्रहातून परिचारिकेच्या तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याचे चांगले नमुने हाती येतील. ते अनुभवी परिचारिकांच्याच तोंडचे असतील आणि नव्या मुलींना पहिल्याच वर्षी देता येतील. परिभाषा घडविणाऱ्यांनी मागे 'परिसेविका' हा शब्द दिला. आता तिच्या वाक्याकडे लक्ष देण्याची पाळी आपली आहे.